लिंकिन पार्कच्या मुंबईकर चाहत्यांना खुलं पत्र : दार अडवून उभे राहू नका

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार आणि कल्याण-डोंबिवलीतल्या लिंकिन पार्कच्या चाहत्यांना,

सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२६ मध्ये लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवणार, ही बातमी आली तेव्हा वाटलं होतं, आता या शहरातले आपण सगळे निदान काही दिवस तरी नुसते आनंदात राहू. हा बँड याआधी भारतात कधी आलाच नव्हता. त्यांचा पहिला अल्बम ‘हायब्रिड थिअरी’ आला ऑक्टोबर २००० मध्ये. म्हणजे आपल्यातल्या थोरल्यांनी पाव शतक वाट पाहिली आहे. पण बातमी शिळी व्हायच्या आत भांडण जुंपलं. बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला, आणि २०२४ पासून त्याच्या जागी एमिली आर्मस्ट्राँग गाते, त्यावरून. “चेस्टर नाही तर लिंकिन पार्क नाही,” हे एका बाजूने. “नवी गायिका पटत नसेल तर घरी बसा,” हे दुसऱ्या बाजूने. वर्षानुवर्षं एकत्र गिगला जाणारे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत.

मी दादरला गिटार शिकवते. माझ्याकडे दोन्ही बाजूंची माणसं येतात, एकाच खोलीत बसतात, एकाच अँपला वायर लावतात. म्हणून हे पत्र दोघांनाही आहे. पण मोठा भाग जुन्यांसाठी आहे हे आधीच सांगते, कारण मीही जुन्यांतलीच, आणि दार अडवून आपणच उभे आहोत.

क्लासमध्ये घडलेलं सांगते. अकरावीतली एक मुलगी आहे. ‘द एम्प्टिनेस मशीन’ हे नव्या गायिकेचं पहिलं गाणं ऐकून ती या बँडपाशी आली आणि मग उलटी मागे मागे गेली, अल्बमामागून अल्बम. त्या दिवशी मी तिला सर्वांत जाडी तार खाली उतरवायला शिकवत होते. ती तार उतरवली की एका बोटाने पॉवर कॉर्ड वाजतो, आणि या बँडचे बरेच रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, नवशिक्याच्याही हाताखाली लगेच येतात. तिला पहिल्यांदा तो भरदार आवाज निघाला आणि ती मोठ्याने हसली. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचा माझा जुना विद्यार्थी, नोकरी करणारा, पस्तिशीचा माणूस, तिला म्हणाला, “हायब्रिड थिअरीतली बाराही गाणी ओळीने सांग बघू.” तिला बरीचशी आली. मग अडली. “दादा, शफलवर ऐकते मी,” असं म्हणाली. “मग तू फॅन नाहीस, तू ट्रेंडवर आली आहेस,” असं तिला सांगण्यात आलं. तिने गिटार बॅगेत भरली. पुढच्या आठवड्यात आली, पण लिंकिन पार्कचं नाव काढलं नाही. तिने दुसरंच गाणं मागितलं.

त्या माणसाशी मी नंतर बोलले. तो दुष्ट नाही. चेस्टर गेला त्या रात्री तो किती रडला हे मला माहीत आहे. पण त्याला आणि तुम्हा सगळ्यांना एक आठवण करून द्यायची आहे. २००१ मध्ये आपल्याशी कोण कसं वागलं होतं ते आठवा.

तेव्हा मुंबईत मेटल म्हणजे आय-रॉक, इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव, आणि आय-रॉक म्हणजे धोबी तलावचं रंगभवन, तिथलं खुलं नाट्यगृह. काळे टीशर्ट, लांब केस, आयर्न मेडन आणि मेटालिका. पुढे आवाजाच्या नियमांपायी तिथले कार्यक्रम बंद पडले, पण तोवर त्या गर्दीत ‘खरं’ काय आणि ‘खोटं’ काय याचा निकाल रोज लागत असे. आणि लिंकिन पार्क खोट्यात होता. गिटार सोलो कुठे आहे? रॅप कशाला? मागे डीजे काय करतोय? हा तर रेकॉर्ड कंपनीने जमवलेला बॉय बँड, असं सरळ तोंडावर सांगायचे. आम्ही एमटीव्ही आणि चॅनल व्ही बघून आलेली मुलं, त्यात मुली अगदीच कमी, आणि आम्हाला नावंच नावं विचारली जायची. तमुक बँडचा बेसिस्ट कोण? अमुक अल्बम कोणत्या साली आला? उत्तर चुकलं की आपण मेटलवाले नव्हे. आज तुम्ही त्या मुलीला विचारता तो प्रश्न तिथूनच आला आहे. शब्दसुद्धा बदललेले नाहीत.

आणि त्यांचं एक म्हणणं खरंही होतं. ‘हायब्रिड थिअरी’ हा जुन्या अर्थाने मेटलचा अल्बम नव्हताच. त्यातल्या ‘पॉइंट्स ऑफ ऑथॉरिटी’ या गाण्याचा रिफ गिटारिस्ट ब्रॅड डेल्सनने वाजवून ठेवला आणि तो घरी गेला. मागे माइक शिनोदाने, म्हणजे बँडमध्ये रॅप करणाऱ्याने, तो कॉम्प्युटरवर कापला, तुकडे उलटसुलट जोडले, आणि मग ब्रॅडला स्वतःचाच रिफ कॉम्प्युटरवरून ऐकून नव्याने शिकावा लागला. मी हे गाणं शिकवते तेव्हा विद्यार्थ्यांची बोटं नेमकी तिथेच अडखळतात, कारण हाताला जी चाल सुचते ती ही नाहीच, ती कात्रीची चाल आहे. गिटार, रॅप, सॅम्पल, किंकाळी आणि पॉपसारखी सहज तोंडात बसणारी धून, सगळं पस्तीस-चाळीस मिनिटांत. ‘ऑल्टरनेटिव्ह मेटल’ हे लेबल त्याला नंतर लागलं. एका जातीचं न राहणं हेच या बँडचं पहिल्या दिवसापासूनचं काम होतं. तो २००१ साली अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला आणि पुढच्या वर्षी ‘क्रॉलिंग’ला ग्रॅमी मिळालं, तरी रंगभवनाचं मत बदललं नाही. आपलंही बदललं नाही, हे महत्त्वाचं.

का बदललं नाही, हे मुंबईबाहेरच्या माणसाला समजावणं थोडं कठीण आहे. आपल्यातले बहुतेक जण दोन खोल्यांत वाढलो. चाळीत, एमआयजी-एलआयजीच्या इमारतींत, डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये. आजी, आजोबा, काका, अभ्यास, टीव्ही, सगळं एकाच खोलीत. बारावीचं दडपण असो, घरातली भांडणं असोत की नुसतंच काहीतरी आतून दाटून आलेलं असो, मोठ्याने रडायला आणि ओरडायला या शहरात जागा नव्हती. ओरडलं तर शेजारच्या काकू दारात येणार. चेस्टर आपल्या वाटचं ओरडत होता. विरार फास्टमध्ये दोघांत एक इअरफोन, एक कान तुझा, एक माझा, आणि त्या गर्दीत कोणाला कळतही नव्हतं की या दोघांच्या कानात काय चाललंय. शिवाय त्याचा प्रत्येक शब्द कळायचा. मराठी माध्यमातून आलेल्या आमच्यासारख्यांना इंग्रजी गाण्यांची निम्मी वाक्यं डोक्यावरून जायची, पण हा किंचाळतानाही शब्द खात नसे. माइकचा रॅप पाठ करून आमच्यातल्या किती जणांची जीभ इंग्रजीला सरावली असेल! ऱ्हिदम हाऊसमध्ये कॅसेट हातात घेऊन परत ठेवणारे, फुटपाथवरून एमपीथ्रीची सीडी आणणारे आणि मित्राकडून कॉपी मागणारे, असे आपण होतो. तेव्हा आपल्याला कोणी अर्हता विचारायला नको होती. आता आपण कोणाला विचारू नये.

बरं, भांडणाचं म्हणाल तर ते काही २०२४ मध्ये सुरू झालेलं नाही. मी तर म्हणते, या बँडची सगळी कारकीर्दच चाहत्यांच्या भांडणातून पुढे आली आहे. दुसऱ्या अल्बमपर्यंत, ‘मेटिओरा’पर्यंत, सगळे एक होते. २००७ मध्ये ‘मिनिट्स टू मिडनाइट’ आला, रिक रुबिन निर्माता, आणि आपल्यातले निम्मे म्हणाले की बँड मवाळ झाला. त्याच अल्बममधल्या ‘गिव्हन अप’मध्ये चेस्टरची सतरा सेकंदांची सलग किंकाळी आहे. मवाळ म्हणणाऱ्यांनी ती ऐकली नव्हती असं नाही. त्यांना पहिल्या दोन अल्बमांचा तिसरा भाग हवा होता, तो मिळाला नाही, इतकंच.

आणि मग २०१० मध्ये ‘अ थाउजंड सन्स’. यावर थोडं थांबते, कारण या अल्बमवर आपल्या इथे जितका अन्याय झाला तितका दुसऱ्या कशावर झाला नाही, आणि खरं तर तो सर्वांत जवळचा आपल्यालाच वाटायला हवा होता. नाव आलं आहे गीतेतून. अकराव्या अध्यायातला विश्वरूपदर्शनाचा श्लोक, ‘दिवि सूर्यसहस्रस्य’, आकाशात हजार सूर्य एकदम उगवले तर. अणुबाँब बनवणाऱ्या ओपनहायमरच्या नावाशी तो श्लोक कायमचा जोडला गेला आणि तिथून तो या अल्बमवर आला. आत ओपनहायमरचा खरा आवाज आहे, ‘कालोऽस्मि’ची आठवण सांगणारा, थकलेला. मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण आहे, अमेरिकेतला विद्यार्थी नेता मारिओ साविओ याचं आहे. गाणी एकमेकांत वाहत जातात, गिटार कित्येकदा मागे राहते, सिंथ आणि ढोल पुढे येतात, आणि सगळं मिळून एकच विचारणा होते की माणसाच्या हातात इतकी विध्वंसाची ताकद आली, आता पुढे काय. ज्या घरांत आषाढीला ज्ञानेश्वरी उघडली जाते त्या घरांतल्या मुलांनी हा अल्बम “रिफ नाहीत” म्हणून बंद केला. आज तेच लोक त्याला मास्टरपीस म्हणतात. त्याला वेळ लागला, याबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. माझं म्हणणं एवढंच की तोच वेळ आज दुसऱ्या कोणाला द्यायला आपण तयार नाही.

२०१४ मध्ये तर बँडने जुन्यांचं ऐकलं. ‘द हंटिंग पार्टी’ : जोरकस, खरबरीत, टॉम मोरेलो आणि डॅरन मलाकियन हे दुसऱ्या बँडांतले नावाजलेले गिटारिस्ट पाहुणे. मागणी होती तोच माल. अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला नाही, त्याआधीचे लागोपाठ चार अल्बम पोहोचले होते. ‘आम्हाला जुना आवाज द्या’ म्हणणारे कुठे होते तेव्हा?

मे २०१७ मध्ये ‘वन मोअर लाइट’ आला आणि जे बोललं गेलं ते पुन्हा लिहावंसं वाटत नाही. पॉप, विकले गेले, संपले. शीर्षकगीत तर रेकॉर्ड कंपनीतल्या, कॅन्सरने गेलेल्या एका मैत्रिणीच्या आठवणीत लिहिलेलं होतं. दोन महिन्यांत, २० जुलैला, चेस्टर गेला. आणि मग तेच गाणं घराघरांत, फोनाफोनांत वाजलं.

यानंतर जे झालं त्याबद्दल मला तुम्हा सर्वांना, दोन्ही बाजूंना, हात जोडून सांगायचं आहे. चेस्टरच्या आत्महत्येचा वादात मुद्दा म्हणून वापर थांबवा. “तुमच्या शिव्यांनी त्याला मारलं,” असं एक जण दुसऱ्याला म्हणतो. “तो असता तर त्याने हे कधीच होऊ दिलं नसतं,” असं दुसरा पहिल्याला म्हणतो. माणूस असा का जातो, याचं उत्तर एका अल्बमच्या समीक्षेत नसतं. आणि तो आज काय म्हणाला असता हे कोणीही सांगू शकत नाही, त्याच्या नावाने सांगण्याचा अधिकारही कोणाला नाही. आपल्या गटांमध्ये अशी मुलं आहेत जी हे वाचतात आणि स्वतः त्या काठावर उभी असतात. मी शिकवणारी आहे, मला ती दिसतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. फोन करा. आणि ज्यांना बोलायला मित्र हवा आहे त्यांना निदान आपल्या भांडणात तरी ओढू नका.

आता २०२४. पाच सप्टेंबरला बँड परत उभा राहिला. गायिका म्हणून डेड सारा या बँडची एमिली आर्मस्ट्राँग, ड्रमवर कॉलिन ब्रिटन. जुना ड्रमर रॉब बोर्डन बाजूला झाला. ब्रॅड रेकॉर्डिंगमध्ये आहे पण दौऱ्यावर येत नाही. नोव्हेंबरमध्ये ‘फ्रॉम झीरो’ आला. हे नाव मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण १९९६ मध्ये हा बँड सुरू झाला तेव्हा त्याचं नावच झीरो होतं, स्पेलिंग फक्त एक्स-ने. आणि तेव्हा गायक चेस्टर नव्हता. मार्क वेकफिल्ड होता. तो सोडून गेला, जागा रिकामी झाली, आणि १९९९ मध्ये ॲरिझोनातल्या एका तरुणाने आपल्या तेविसाव्या वाढदिवशी आलेले पाहुणे सोडून स्टुडिओत जाऊन डेमोवर आवाज चढवला. चेस्टर आला तोही कोणाच्या तरी मागे उरलेल्या जागेवर. यात त्याचं मोठेपण कणभरही कमी होत नाही. पण “जागा भरणं म्हणजे अपमान” असं जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आपल्याकडे संगीत नाटकात हे कायम चालत आलं आहे. एखादं पद एका नटाने असं गायलं की तो गेल्यावर लोकांनी म्हणावं, आता हे कोणी गाऊ नये. तरी पुढच्या पिढीतला कोणीतरी पदर खोचून उभा राहिला, वन्समोअर घेतला किंवा नाही घेतला, पण पद जिवंत राहिलं. पहिल्याची तबकडी लोकांनी जपूनच ठेवली.

विरोध करणाऱ्या सगळ्यांना मी एका मापाने मोजत नाही. काही जणांचा आक्षेप एमिलीच्या पूर्वायुष्याला आहे : सायंटॉलॉजी या वादग्रस्त पंथाशी संबंध, आणि पुढे बलात्कारासाठी दोषी ठरलेल्या एका अभिनेत्याच्या सुरुवातीच्या सुनावणीला ती हजर होती हे. चेस्टरच्या एका मुलानेही जाहीर नाराजी मांडली. त्या अभिनेत्याबद्दल आपला अंदाज चुकला आणि नंतर आपण त्याच्याशी संबंध ठेवला नाही, असं एमिलीने जाहीर निवेदनात म्हटलं आहे. ते पुरेसं आहे की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. ज्यांना पटलं नाही आणि जे यापुढे ऐकणार नाहीत, त्यांच्या निर्णयाचा मी आदर करते. अत्याचार झालेल्या बाईच्या बाजूने उभं राहणं ही छोटी गोष्ट नाही. कोणीही त्यांना ‘हेटर’ म्हणू नये.

काहींना नुसतं दुःख आहे. ‘नम्ब’ हे चेस्टरचं गाणं दुसऱ्या आवाजात ऐकवत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ‘हॉलीवूड बोल’ या खुल्या प्रेक्षागृहात चेस्टरच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला तेव्हा या गाण्यात माइकस्टँड रिकामा ठेवला होता, फुलं वाहिलेला, आणि सबंध प्रेक्षागृह गायलं होतं. त्यांच्यासाठी ते गाणं तिथेच थांबलं आहे. नव्याने आलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की या माणसांना “म्हातारे”, “रडके” म्हणू नका. तुम्ही ज्याला ‘जुना व्हर्जन’ म्हणता त्याच्या आधाराने कोणीतरी कधीतरी एक वाईट वर्ष काढलेलं असतं.

पण तिसराही एक आक्षेप आहे आणि तो कोणी उघड बोलत नाही, चेष्टेत बोलतो. बाई काय किंचाळणार. मी गेली कित्येक वर्षं अँप उचलते, स्टेजमागे वायरी ओढते, आणि “मॅडम, साउंडवाले कुठे आहेत?” हा प्रश्न मलाच विचारला जातो, त्यामुळे तो आक्षेप मला लांबूनही ओळखता येतो. आवाज आवडत नाही म्हणा, गाण्याची पट्टी जमत नाही म्हणा, शंभर कारणं असू शकतात. एमिलीचं ‘हेवी इज द क्राउन’ ऐका आणि मग बोला. पण सुनावणीचा मुद्दा आणि चेस्टरचं दुःख यांच्या आडोशाला बसून हे बोलू नका. त्या दोन्ही गोष्टींचा त्यात अपमान होतो.

आता रेसकोर्सवर काय करायचं त्याबद्दल.

ज्यांना यायचं नाही त्यांनी येऊ नये, आणि जे येणार आहेत त्यांनी त्यांना फितूर ठरवू नये. एमिली गात असताना चेस्टरच्या नावाचा घोष करून तिचा आवाज बुडवू नका. दोन गाण्यांच्या मध्ये हवं तितकं त्याचं नाव घ्या, मीही घेईन. ‘इन द एंड’ला सगळे गातीलच. तेव्हा बाजूच्याला कोणतं कडवं येतं आणि कोणतं नाही ते तपासू नका. मॉशपिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीच्या नाचात, कोणी पडलं तर आधी हात द्या. मुलींभोवती जागा सोडा, त्यांना ‘सांभाळायला’ म्हणून हात लावू नका, त्यांनी सांगितलं तरच मदत करा. शेवटच्या गाडीसाठी महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी करू नका. ज्यांना डोंबिवली, बदलापूर, विरार गाठायचं आहे त्यांनी आधीच चार-पाच जणांचा गट करून ठेवावा. ज्यांच्या घरी एकट्या मुलीला सोडत नाहीत त्या माझ्या क्लासमधून निघणाऱ्या गटात येऊ शकतात, पालकांशी मी बोलेन.

आणि माझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याला, जो हे नक्की वाचेल : बुधवारच्या बॅचला ती असते. ‘पॉइंट्स ऑफ ऑथॉरिटी’चा तो कापलेला भाग तुझ्या हातात पक्का बसलेला आहे, तिच्या अजून नाही. गिटार घेऊन ये.

तुमची,
दादरची एक गिटार शिक्षिका